तिसऱ्या पावसाळ्याचा गाळ

तळ्यात पाणी नाही. मे महिना आहे, नसणारच. पण सळया आहेत. आणि सळयांना ताजा चुना आहे.

एसटी फाट्याकडे वळते तेव्हा उजव्या खिडकीतून तळं दिसतं. भेगाळलेला काळा तळ, काठावर बाभळी, आणि मधोमध एका रांगेत पांढऱ्या सळया, शाळेत कवायतीला उभी केलेली पोरं असावीत तशा. दरवर्षी मी त्या बघते आणि दरवर्षी मान फिरवते. यंदा फिरवली नाही. यंदा प्रश्न पडला की यांना चुना लावतं कोण?

मी आले होते पत्रकांचा गठ्ठा घेऊन. टँकर दिवसाआड येतो, आला तर वस्तीपर्यंत येत नाही, म्हणून सोमवारी जामखेडला तहसीलवर मोर्चा. फाट्यावरच्या चहावाल्या नानांनी पत्रक घेतलं, उलटंसुलटं केलं आणि गल्ल्यावर वजनाखाली ठेवलं.

"पान्याचं बघू. आधी तुझ्या आत्याला समजाव."

"का? काय केलं तिनं?"

"आगं, तळ्यातल्या गाळाला हात लावू देईना. समदी गावं आपापल्या तळ्याचा गाळ ट्रॉल्या भरून रानात नेत्यात. हितं कुनी घमेलं घिऊन उतरलं की ही बाई काठी घिऊन हजर. सरपंचाला शिव्या दिल्या तिनं. सोनं पुरलंय का काय तिथं?"

"विचारते."

"इचार. आन गावलं तर आमालाबी वाटा ठेव."

मी हसले. आत्या भांडते यात बातमी कसली? माझ्या तोंडातली धार तिचीच आहे. मी फक्त ती छापून वाटते. पण वस्तीची वाट तळ्याच्या काठाने जाते, आणि मधल्या भागात, जिथे अजून थोडी ओल होती, तिथून तो वास आला. ओल्या गोणपाटाचा, कुजक्या पानांचा, शेवाळाचा. नगरच्या आमच्या खोलीत तीन वर्षं भरून राहिलेला वास. अक्काच्या डॉक्टरेटचा वास.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वस्तीतली पहिली इंजिनिअर. नगरच्या एका कॉलेजात ती सिव्हिल शिकवायची, आणि तिने ठरवलं की डॉक्टरेट करायची. आमच्या बौद्धवस्तीत डॉक्टर हा शब्द सुई टोचणाऱ्या माणसापासून सुरू होत नाही. तो विहाराच्या भिंतीवरच्या फोटोपासून सुरू होतो. त्यामुळे अक्का डॉक्टर होणार म्हणजे काय होणार, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कसं होणार, एवढंच सांगावं लागलं.

ते सांगणं विहाराच्या ओट्यावर झालं. संध्याकाळ होती, भाकरी थापल्याचे आवाज थांबले होते, चुलीतला धूर अजून खाली लोंबत होता. आत्या मशेरी लावत बसली होती. अक्का एकेक अट सांगत होती.

"आधी गाईड मिळवावा लागतो."

"धाव्वीला असतंय तसलं?" कुणीतरी विचारलं.

"ते पुस्तक असतं. हा माणूस असतो. त्याने सही केल्याशिवाय काही पुढं सरकत नाही."

"मंग परीक्षा कवा?"

"लेखी परीक्षा नाही. आधी विषय मंजूर करून घ्यायचा. मग काम करायचं. दर सहा महिन्यांनी काय केलं ते कळवायचं. दोन पेपर छापून यायला पाहिजेत. मग सगळं लिहून, बांधून, विद्यापीठात द्यायचं. ते बाहेरच्या मोठ्या माणसांकडे जातं. त्यांनी हो म्हटलं तर ते समोर बसवून प्रश्न विचारतात."

"आन काम म्हंजी काय करायचं?"

"नवीन काहीतरी शोधायचं. आधी कुणी शोधलेलं नको."

"आन तू काय शोधनार?"

"आपल्या तळ्यातला गाळ."

आत्याने मशेरीचं बोट तोंडातून काढलं. "त्यात नवीन काय हाय गं बाये? गाळ माझ्या आज्याच्या वक्तापास्नं हाय."

"आहे. पण दरवर्षी किती येतो, कुठून येतो, तळं भरायला किती वर्षं लागतील, हे कुणी मोजलेलं नाही. तीन पावसाळे मोजायचं. सलग. मध्ये खंड नको. आणि आकड्यात खाडाखोड नको, तिकडं चालत नाही."

"तीन पावसाळे," आत्या म्हणाली, आणि तिने सगळ्या बायकांकडे असं बघितलं की जणू ती आत्ताच पास झाली.

सळया त्याच मे महिन्यात रोवल्या. लोखंडी, अंगठ्याएवढ्या जाड, त्यांवर बोटाबोटाच्या अंतराने तांबडे-पांढरे पट्टे. अक्काने दोरी धरून तळ्याच्या पात्रात जागा आखल्या होत्या. ओढा आत शिरतो तिथे दाट, बांधाकडे विरळ. लांबून बघणाऱ्याला त्या कुणीतरी उधळून टाकल्यासारख्या दिसायच्या. आत्याला ते काही पटलं नव्हतं.

"लायनीत लाव की. अशा काय इस्कटल्यात?"

"गाळ लाईनीत बसत नाही आत्या."

"तुमचं सायबाचं शिक्षान, तुमालाच ठावं."

मग पुढच्या मेमध्ये पहिली मोजणी, त्याच्या पुढच्या मेमध्ये दुसरी. माझ्या आठवणीत ते सगळे मे महिने एकच झाले आहेत. पहाटे तळात उतरायचं, वरची पापडी पायाखाली कुरकुर मोडायची, खाली अजून गार असायचं. अक्का वाकून सळईवरचा आकडा मोठ्याने सांगायची आणि मी लिहायची. आत्या काठावर उभी राहून तोच आकडा पुन्हा मोठ्याने म्हणायची. कशासाठी, कुणास ठाऊक. शेळ्या हाकताना लोक थांबायचे. कुणी विचारलं तर आत्या सांगायची, "आमच्या पोरीचा अभ्यास चाललाय. बाजूनी जावा."

प्रत्येक सळईजवळचा गाळ डालड्याच्या डब्यात भरायचा. डबे पोत्यात, पोतं एसटीत. एकदा जामखेडहून निघालेल्या गाडीत कंडक्टर पोत्यापाशी अडला.

"बाई, काय हाय यात?"

"माती."

"माती? नगरला माती न्हाई का?"

"ही इथलीच पाहिजे."

"मातीला लगेज लागंल," तो म्हणाला. मग अक्काच्या तोंडाकडे बघून त्यालाच हसू आलं. "राहू द्या. माहेरची दिसतीय."

नगरला आमची एक खोली होती, वर गच्ची. मी अक्काकडे राहून कॉलेज करायची आणि सकाळी टायपिंगला जायची. गच्चीवर घरमालकिणीच्या पापडांशेजारी आमचा गाळ वर्तमानपत्रांवर वाळायचा. ती म्हणायची, पापडाला वास लागतो. लागत असेल. मला तर त्या वर्षांतल्या सगळ्याच गोष्टींना तो वास लागलेला आठवतो, वह्यांना, ओढणीला, अक्काच्या केसांना. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो गाळ भट्टीत तापवायचा, आणि तापला की त्याचा वास बदलायचा. भाजलेल्या चण्याचा व्हायचा. मग चाळण्या एकावर एक रचून यंत्रावर ठेवायच्या आणि ते यंत्र खडखडखडखड हलत राहायचं. त्या आवाजात बोलता यायचं नाही, म्हणून आम्ही दोघी खिडकीत बसून शेंगा खायचो. अमोनियाच्या वाफेवर नकाशांच्या प्रती काढल्या की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. अक्का म्हणायची, "आत्ताच रडून घे. डिग्री मिळाल्यावर वेळ मिळणार नाही."

दोन पेपर छापून आले. एकात आमच्या गावाचं नाव इंग्रजीत होतं, आणि ते चुकीचं छापलं होतं. तरी विहारात ते पान आठवडाभर फोटोखाली ठेवलं होतं.

या सगळ्यात सर कुठे होते? बरोबर विचारलंत. सर म्हणजे अक्काचे गाईड. अभ्यासू घराणं, वडील शिक्षक, आजोबा शिक्षक, घरात पुस्तकांच्या भिंती. सर आपल्या केबिनमध्ये होते. सहामाही अहवालावर सही हवी असली की अक्का केबिनबाहेर उभी राहायची. बाहेर बाक होता, पण त्यावर बसलं तर सरांना दिसत नाही आणि सर मागच्या दाराने जातात, हे तिला पहिल्या वर्षी कळलं. म्हणून उभी. तिच्या घोट्यांवर संध्याकाळी चपलेच्या पट्ट्यांचे वळ असायचे. मी ते वळ बघितलेत. इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवायला काय लागतं, याचं छापील माहितीपत्रक विद्यापीठात मिळतं. त्यात हे कलम नाही.

तिसऱ्या वर्षी सर म्हणाले, शेवटच्या अहवालावर प्रत्यक्ष जागा बघितल्याचा शेरा मारावा लागेल. मी येतो. तिसरी मोजणी माझ्यासमोर करू.

अक्का त्या दिवशी घरी येताना जिलबी घेऊन आली. आणि तिने गावाला पोस्टकार्ड टाकलं: सर तळं बघायला येणार आहेत.

एवढंच लिहिलं होतं. आणखी काय लिहायचं?

आता आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की काय होतं ते सांगते. शहरातल्या वाचकांनी हे नीट वाचावं. कलेक्टर येवो, आमदार येवो, नाहीतर कोंबड्यांच्या रोगाची पाहणी करणारा कुणी किरकोळ अधिकारी येवो, आधी चार दिवस गाव झाडून निघतं. उकिरडे हलतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चुन्याची फक्की पडते. दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना चुना, हापशाला चुना. घाण दिसली की साहेब नापास करतो, हे आमच्या लोकांच्या हाडात बसवलेलं आहे. कुणी बसवलं? ज्यांनी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हटलं त्यांनीच ना? मग त्या भीतीची सवय झाली, सवयीचा रिवाज झाला.

वस्तीने हिशोब केला. थोरली तीनदा येऊन गेली, तीन वर्षं झाली, मोजणी संपली. सळया रोवायला आली होती ते वर्षही त्यांनी मोजणीत धरलं. आता साहेब येणार, तो तळं बघणार, आणि तळ्यात काय? गाळ.

ते सगळे तळ्यात उतरले. आत्या पुढे. बायका, म्हातारे, सुट्टीला आलेली पोरं. वस्तीतल्या बैलगाड्या आणि मागून गावातल्याही. पात्र खरडून काढलं, अगदी मुरुम लागेपर्यंत. गाळ रानांत गेला. सळया उपटल्या, काथ्याने घासून गंज काढला, पट्ट्यांवरून चुन्याचे दोन हात दिले, आणि त्या पुन्हा रोवल्या. दोरी धरून. एका लाईनीत.

आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा वस्ती नवे कपडे घालून उभी होती. बांधावर पाणी मारलेलं होतं. मातीचा असा चांगला वास येत होता. तळं एखाद्या घासलेल्या परातीसारखं उघडं पडलं होतं आणि त्यात त्या पांढऱ्या सळया चमकत होत्या.

अक्का बांधावर थांबली. तिने सळया बघितल्या. आणि ती हसली.

"झ्याक झालंय न्हवं?" आत्याने विचारलं. तिच्या हातांना चुन्याने भेगा पडल्या होत्या.

"झ्याक झालंय आत्या," अक्का म्हणाली.

सर सगळीकडे फिरले. "वा. तळं फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही लोकांनी," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीवर टॉवेल अंथरला होता, त्यावर सर बसले. चहा आला. सरांनी सोबत थर्मास आणला होता; पोटाचा त्रास आहे म्हणाले. आमच्या कपातल्या चहावर साय धरली, मग ती आक्रसली, मग त्यात एक माशी पडली. मी त्या कपाकडेच बघत होते. मला दुसरीकडे कुठे बघायचं सुचत नव्हतं.

जीप फाट्यावरून डांबरी रस्त्याला लागली तेव्हा सर पुढच्या सीटवरून बोलले. मी आणि अक्का मागे.

"एवढं मनाला लावून घेऊ नका. दोन वर्षांचे आकडे आहेत ना? तिसरं बसवून टाका. पाऊस किती झाला ते माहिती आहे, कल दिसतोच आहे. थोडं वर, थोडं खाली. कुणी तळ्यात उतरून बघायला येत नाही."

अक्काने मांडीवरची वही मिटली.

"अहो, सगळे करतात."

"सर, यंदा तिथे किती गाळ होता ते मला माहीत नाही."

"म्हणूनच म्हणतोय, बसवा."

"माहीत नाही ते मी कसं लिहू?"

सर ड्रायव्हरला म्हणाले, "हे बघ, हे असं असतं. मदत करायला जावं तर तत्त्वं."

ते तत्त्वं मला अजून ऐकू येतं. त ला त जोडून, दातांच्या मागून.

पुढे समिती बसली. त्या दिवशी अक्काने माझी इस्त्रीची साडी नेसली होती, फिकट निळी, तिच्याकडच्या सगळ्या गाळाने डागलेल्या म्हणून. मी व्हरांड्यात थांबले होते. दार अर्धवट उघडं, पंख्याचा कटकट आवाज, आणि आतून कपबश्या. अक्का इंग्रजीत बोलत होती, शांत, एकेक आलेख दाखवत. मग तिने सांगितलं की तिसऱ्या पावसाळ्याची निरीक्षणं उपलब्ध नाहीत, एक वर्ष वाढवून मिळावं.

"का उपलब्ध नाहीत?" समितीतल्या एकाने मराठीत विचारलं.

"गावकऱ्यांनी गाळ काढला."

"तुमच्याच लोकांनी?"

"हो."

"आणि गेला कुठे?"

"शेतात."

"म्हणजे तुमच्या आकड्यांची आता ज्वारी येणार म्हणायची!"

हशा. तो हशा दारातून माझ्या अंगावर आला. मोठी माणसं होती ती, पुस्तकं लिहिलेली. हसताना कुणाचीतरी बशी निसटली, आणि ती सावरताना ते पुन्हा हसले.

मुदतवाढीला गाईडची शिफारस लागते. सर म्हणाले, विद्यार्थिनीचं सहकार्य नाही. तेवढ्यावर सगळं संपलं. नोंदणी रद्द झाली.

आणि ज्वारी आली. त्या पेऱ्याच्या ज्वारीसारखी ज्वारी वस्तीच्या रानात त्याआधी कधी झाली नव्हती. कणसं हाताच्या ओंजळीत मावेनात. जानेवारीत आत्याने एसटीच्या ड्रायव्हरकडे हुरड्याची कणसं भरून पिशवी पाठवली, वर लसणाची चटणी, वर गुळाचा खडा. गच्चीवर, जिथे गाळ वाळायचा तिथेच, आम्ही गोवऱ्यांचा आर केला. कणसं त्यात खुपसली. हिरवट धूर निघाला, गोडसर, डोळ्यांना न झोंबणारा. अक्का गरम कणीस तळहातावर चोळत होती, फुंकर मारत होती, कोंडा उडत होता. दाणे कोवळे, दुधाचे, ओठांना चटका देणारे.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

आणि आम्ही बसून तिसरा पावसाळा खाल्ला. सगळा. मी एकेक दाणा चघळत बसले होते. अक्का मात्र मन लावून खात होती. शेवटी तिने हात झटकले आणि म्हणाली, "वस्तीत कुणाला सांगायचं नाही. का झालं ते. आत्याला तर अजिबातच नाही."

"मग काय सांगायचं?"

"काम चालू आहे म्हणायचं. वेळ लागतो म्हणायचं."

मी ओरडले. मी त्या वयात सगळ्या गोष्टींवर ओरडायची, आणि अजून ओरडते. सरांचं नाव घालून पत्रक काढते म्हणाले. टायपिंगच्या क्लासमधल्या मशीनवर स्टेन्सिल ठोकलं. चूक झाली की दुरुस्तीचा तांबडा द्राव लावायचा, नेलपॉलिशसारख्या वासाचा, आणि तो वाळेपर्यंत फुंकत बसायचं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक. अक्काने ते वाचलं, दोन जागी व्याकरण सुधारलं, आणि चुलीत घातलं. "खरं आहे सगळं," म्हणाली. "पण हे छापलंस तर आत्याला कळेल."

तर असं. तेव्हापासून मी शेकडो पत्रकं काढली. रेशनची, टँकरची, वसतिगृहाच्या जेवणाची. जे आहे ते तोंडावर सांगायचं, हा माझा धंदा. आणि गावात आले की आत्या विचारते, "थोरलीचं काम कुटवर आलं?" आणि मी, पत्रकवाली, म्हणते, "चालू आहे आत्या. वेळ लागतो."

अक्का आता शेवगावला असते. तिथे एका संस्थेत पोरांना ड्रॉइंग शिकवते, पेन्सिलीला टोक कसं करायचं इथपासून. बढती डॉक्टरेटवाल्यांना असते. तिच्यामागून सरांकडे नोंदणी केलेला एकजण आज नावापुढे डॉक्टर लावतो. त्याचाही विषय गाळ, त्याचंही तळं आमच्याच भागातलं. मी त्याचा प्रबंध ग्रंथालयात बसून वाचला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. ज्या वर्षी आमच्या भागात ओढे वाहिलेच नाहीत त्या वर्षीही त्याच्या तळ्यात गाळ आलाय. आलेख अगदी सुरेख, एकही बिंदू रेषेबाहेर नाही. गाळ लाईनीत बसला त्याच्या.

अक्का मे महिन्यात गावाला येत नाही. येते ती दिवाळीत, तळ्यात पाणी असतं तेव्हा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आज वस्तीत पोचले. आत्या दारात नव्हती. शेजारणीने हनुवटीने तळ्याकडे दाखवलं. मी परत फिरले. बाभळीखाली आत्या बसली होती, शेजारी काठी, आणि पायाशी चुन्याचं पातेलं. त्यात काथ्याचा कुंचला. तिच्या हातांना पुन्हा भेगा.

म्हणजे तीच.

"आत्या, जयभीम."

"जयभीम. आलीस व्हय बारके? बस."

"फाट्यावर नाना तक्रार करत होते. गाळ का नेऊ देत नाहीस म्हणून."

"त्याचं काय ऐकती. मी थोरलीसाठी ठिवलाय."

मी तिच्या शेजारी बसले.

"मला काय कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, तळ्याकडे बघत होती. "त्या दिशी सळया बघून ती हसली. आमची पोर कवा उगं हसत न्हाई. म्या तवाच वळखलं, कायतरी इस्कटलं. मंग रातभर जागून हिशेब केला. आमी रोवायचं वरीस मोजनीत धरलं हुतं. तितं चुकलं. तिसरा पावसाळा आमी उपसला."

बाभळीत होले घुमत होते. मला तेवढंच ऐकू येत होतं.

"मग मला इतकी वर्षं विचारत का होतीस? काम कुठवर आलं म्हणून?"

"तुमी सांगत न्हाई म्हनल्यावर मी कशी सांगू? तिला वाईट वाटलं आस्तं." तिने कुंचला पातेल्यात बुडवून ठेवला. "पर बसून न्हाई ऱ्हायले मी. तवापास्नं एक घमेलं हलू दिलं न्हाई. तीन पायजेत न्हवं, सलग? चार झालं. एक वरकडच. आता सांग तिला, ये म्हनावं मोजायला."

ती उठली. माझ्या खांद्याला धरून उठली, तिचे गुडघे वाजले. आम्ही तळात उतरलो. पापडी पायाखाली मोडली, तसाच आवाज, कुरकुर. ती मला पहिल्या सळईपाशी घेऊन गेली.

"रोवली तवा माझ्या कमरंइतकी हुती. बघ आता. मांडीच्या मधाला आली. त्येवढा गाळ हाय खाली. कुनी शिवल्याला न्हाई."

मला काय काय माहीत होतं! नोंदणी रद्द होऊन चार वर्षं झाली. पुन्हा अर्ज करायला वयाची, नोकरीची, गाईडची अट आहे. पट्टे चुन्याखाली गेलेत. सळया आखल्या जागी नाहीत, लाईनीत आहेत, त्यामुळे ओढ्याच्या तोंडाचा गाळ किती आणि बांधाकडचा किती, हे यातून कधीच कळणार नाही. हे सगळं मला माहीत होतं, आणि तहसीलदाराला तोंडावर खोटारडा म्हणणारं माझं तोंड उघडत नव्हतं.

"बघत काय बसलीस? वाक की."

मी वाकले. टेप नव्हता. आत्याच्या कमरेला मी वीत लावली, मग सळईला लावली, मग राहिलेली बोटं मोजली. चुना हाताला लागला. खाली गाळ अजून गार होता.

"किती?"

मी आकडा सांगितला. तिने तो मोठ्याने म्हटला, तळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, अगदी पूर्वी काठावरून म्हणायची तसा.

मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीतलं एक पत्रक तिने स्वतःच ओढून काढलं, कोऱ्या बाजूने माझ्या हातात दिलं आणि पुढच्या सळईकडे चालू लागली.

"लिव. आन नीट लिव, खाडाखोड करू नगंस," ती न वळता म्हणाली. "तिकडं चालत न्हाई."